राणी म्हणजे ऑन

आमच्या घरात अण्णांची उशी कधी एका रंगाची राहिली नाही. माय दर रविवारी अभ्रा बदलायची आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत त्यावर पुन्हा काहीतरी उमटलेलं असायचं, कधी कानाच्या जागी निळसर, कधी मानेखाली गुलाबी. अण्णा, म्हणजे माझे वडील, पांडेसऱ्यातल्या एका मिलच्या कलर किचनमध्ये कामाला होते. किचन म्हटलं की बाहेरच्या लोकांना वाटायचं की ते स्वयंपाकी आहेत, आणि माय ते कधी दुरुस्त करायची नाही, कारण तिला त्यात फार गंमत वाटायची. खरं तर तिथे साडीच्या छपाईचे रंग कालवायचे, व्यापाऱ्याने दिलेल्या नमुन्याशी ताडून बघायचे आणि जुळेपर्यंत चिमूट चिमूट कमी-जास्त करायचे. बोटं घासून घासून अण्णा घरी यायचे, तरी नखांच्या कडांना रंग राहायचाच. भाकरी मोडली की पहिल्या तुकड्याला त्यांच्या अंगठ्याचा ठसा लागायचा. माय विचारायची, "आज जेवनमा कोणता रंग शे?" आणि अण्णा नख बघून गंभीरपणे सांगायचे, "फिरोजी." मी मात्र माझी थाळी अर्धा हात लांब सरकवून बसायची. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला बापाच्या नखांची जेवढी लाज वाटते तेवढी कशाचीच वाटत नसावी. आज मी ते कबूल करते, तेव्हा केलं नसतं.

आम्ही उधन्याला राहायचो, एक खोली आणि तिच्या पोटात स्वयंपाकघर. भिंतीपलीकडे बारा लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, चालायचे. त्यांच्या हादऱ्याने आमच्या फळीवरचे डबे दिवसभरात बोटभर पुढे सरकायचे आणि संध्याकाळी दिवा लावला की माय ते एकेक करून मागे ढकलायची. डाळीचा डबा सगळ्यात आधी काठावर यायचा, का ते कुणालाच कळलं नाही. ज्या दिवशी वीज बंद असायची त्या दिवशी लूम थांबायचे आणि त्या शांततेत आम्हाला दुपारची झोप लागायची नाही. घरात अहिराणी, शाळेत मराठी, गल्लीत गुजराती आणि टीव्हीवर हिंदी. घरमा, घरात, घरमां, घर में. एकाच घरात मी दिवसाला चार वेळा शिरायची आणि कुठेही अडखळायची नाही. अडखळले ते पाचव्या भाषेच्या दारात.

शहरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात नर्सिंगचा कोर्स होता, आणि तो मला हवा होता. का, ते सांगायला फार मोठं कारण नाही. मायचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी आठ दिवस तिच्या खाटेशी बसून होते, आणि तिथल्या एक सिस्टर रोज सकाळी येऊन चादर अशी काही झटकून घालायच्या की आजारी माणसालासुद्धा उठून बसावंसं वाटायचं. मला तेच काम करायचं होतं, तसंच ताठ मानेने चालायचं होतं. दहावीचे मार्क बरे होते, फक्त इंग्रजीत मी कशीबशी काठावर होते. आदल्या वर्षी तोंडी परीक्षेला गेले आणि पाच मिनिटांत बाहेर आले. हॉस्पिटलच्या मोठ्या सिस्टर केरळच्या होत्या. त्या रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या की डॉक्टर इंग्रजीत लिहितात, बॉटलवर इंग्रजी असतं, तुला ते यायला हवं, पुढच्या वर्षी ये. दोनदाच बसता येत होतं. म्हणजे आता एकच संधी उरली होती, आणि ती गेली की घरी बसून मायसारखी साड्यांना लेस लावायची. माय लेस फार सुंदर लावायची. पण मला लावायची नव्हती.

म्हणून उधना दरवाज्याजवळ त्रिवेदी साहेबांचा क्लास लावला. साहेब दिलदार माणूस, पण शिकवायची रीत अशी की फळ्यावर डावीकडे शब्द, उजवीकडे शब्द, मध्ये रेघ. डिपेंड ऑन, सफर फ्रॉम, गुड ॲट, इंटरेस्टेड इन, लिसन टू. बेड मेक करायचा, काम डू करायचं, बाथ टेक करायची. मी एकदा हात वर करून विचारलं की डिपेंडच्या पुढे ऑनच का. साहेबांनी खडू खाली ठेवला, चष्मा काढला, मला वाटलं आता काहीतरी खोल सांगणार. ते म्हणाले, "आवे एटले आवे. गोखी नाखो." म्हणजे येतं म्हणून येतं, पाठ करून टाका. मी पाठ करायला बसले की लूमच्या ठेक्यात सगळं एकजीव व्हायचं आणि सकाळी उठले की डिपेंडच्या मागे भलतंच कुणीतरी उभं असायचं. एका संध्याकाळी मी वही भिंतीवर फेकली. डाळीचा डबा वेळेआधीच खाली आला.

अण्णा जेवत होते. त्यांनी आधी डाळ गोळा करायला मदत केली, मग विचारलं, "काय व्हयनं वं?" मी चिडूनच सांगितलं की इंग्रजीत प्रत्येक शब्दाचा एक जोडीदार ठरलेला आहे, दुसरा चालत नाही, आणि का चालत नाही ते साहेबांनाही माहीत नाही. अण्णांनी घास थांबवला. म्हणाले, "मंग हाई तं म्याचिंग शे." मला वाटलं ते माझी टिंगल करताहेत. पण ते अगदी मनापासून बोलत होते. त्यांच्या कामात व्यापारी कापडाचा तुकडा देतो, याच्यासोबत हाच रंग, दुसरा नको. का, हे कुणी विचारत नाही. वीस दिवस डोळ्यांखालून गेलं की एकविसाव्या दिवशी चुकीचा रंग डोळ्याला खडा लागावा तसा टोचतो. "माले इंग्रजी येत नही," ते म्हणाले, "रंग येस." माय चुलीपुढून म्हणाली की आता पोरगी इंग्रजीत नापास होईल ती होईल, वरून रंगीत होईल.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा मिलमधून कटिंग आणायला लागले. कटिंग म्हणजे प्रत्येक रंगाच्या घाण्यातून काढलेला बोटभर नमुना. कलर किचनचा मुख्य, मास्टर, तो बघायचा, पसंत पडला तर त्याच्या कोपऱ्यात लाल पेनने ओके लिहायचा आणि मगच रंग मशीनवर चढायचा. ते ओके मास्टरच लिहू शकायचा. रंग जुळवलेला अण्णांनी, पण वहीत सही मास्टरची, कारण मास्टर शिकलेला होता आणि अण्णा चौथी. हे अण्णा तक्रार म्हणून सांगायचे नाहीत, पाऊस पडतो म्हणून सांगावं तसं सांगायचे. मास्टरने पाहून झाल्यावर फेकून दिलेली कटिंगं त्यांनी दातेरी कात्रीने नीट कापली आणि पुठ्ठ्याच्या एका लांबट जुन्या वहीत चिकटवायला सुरुवात केली. मी शब्द लिहायचा, त्याच्यापुढे ते रंग लावणार. ऑन हा राणी रंग, आमच्याकडे गडद गुलाबीला राणी म्हणतात. इन म्हणजे नेव्ही. ॲट लाल, विथ चिकू, फ्रॉम गाजरी, फॉर फिरोजी, टू पिवळा. ऑफच्या पुढे त्यांनी रंगवलेला नमुना लावलाच नाही, कोरं कापड लावलं. डिपेंड लिहिलं की पुढे राणीचा चौकोन, सफर लिहिलं की गाजरी. सारखे वाटणारे शब्द, से आणि टेल, हिअर आणि लिसन, यांच्यासाठी वेगळं पान, तिथे बदामी आणि बिस्कीट शेजारी शेजारी, म्हणजे पहिल्या नजरेला एकच, आणि नीट बघितलं की दोन. लावायच्या आधी ते दर वेळी मला विचारायचे, "ऑन म्हणजे काय? इन म्हणजे काय?" मी वैतागून एका शब्दात सांगायची, वर, आत, आणि ते कटिंगांचं पुडकं चाळत बसायचे. इतका वेळ ते काय शोधतात, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मला वाटायचं, हाताला लागेल तो रंग लावतात.

नियम एकच होता, उजेडात बघायचं. पिवळ्या बल्बखाली रंग खोटं बोलतो, असं अण्णांचं ठाम मत. कलर किचनमध्येही कुणी नमुना जागेवर बघत नाही, उठून दाराशी जातो, कापड बाहेरच्या उजेडात धरतो आणि मग तोंड उघडतो. "उजेडमा दख, मंग बोल." सकाळी सातला, पहिल्या पाळीला निघायच्या आधी, ते मला दारात उभी करायचे. हातात वही, पानावरचे शब्द पट्टीने झाकलेले, फक्त रंग दिसतोय. मी रंगावरून झाकलेली जोडी ओळखून बोलायची. चुकले की ते ओरडायचे नाहीत, वही जरा तिरकी करायचे, म्हणजे परत बघ. समोरच्या घरातली बाई दात घासत घासत हे रोज बघायची आणि तिला बरेच दिवस वाटत होतं की मी ब्लाऊजचं कापड निवडतेय. माय आतून मशीनवर लेस लावता लावता सगळं ऐकायची. तिला अक्षर ओळखू यायचं नाही, पण महिन्याभरात ती भाजी परतताना पुटपुटायला लागली, "डिपेंड राणी, सफर गाजरी." श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते, तेव्हा नैवेद्याच्या रोटांचं पीठ मळताना तिने ते चक्क चालीत म्हटलं आणि बायकांनी तिला विचारलं की हे कुठल्या गावचं गाणं.

आणि मला ते पाठ होत होतं, हीच खरी अडचण होती. कारण मला त्या वहीची लाज वाटत होती. एकदा क्लासमध्ये ती दप्तरातून बाहेर आली आणि शेजारच्या मुलीने विचारलं, हे काय गं, टेलरकडचे नमुने? मी पटकन हो म्हणाले. मायच्या ब्लाऊजचे आहेत, असंही वर जोडलं. त्यानंतर वही मी गादीखालीच ठेवली. अण्णांनी दोन-तीनदा विचारलं, "साहेबले दखाडी का?" मी म्हणाले, दाखवली, साहेबांना फार आवडली. त्या दिवशी अण्णांनी वही हातात घेतली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सावकाश उलटली आणि पुन्हा माझ्याकडे दिली. मला वाटलं, खूश झाले.

परीक्षा कानबाई उठल्यानंतरच्या, म्हणजे विसर्जनानंतरच्या, आठवड्यात होती. मायने माझ्यासाठी पांढरा ड्रेस शिवला होता, नर्सबाईला पांढरं शोभतं म्हणून. ओढणी तिने सकाळी ऐनवेळी हातात दिली. पांढरी ओढणी आणि तिच्या एका टोकाला बोटभर रुंदीच्या आठ पट्ट्या, राणी, नेव्ही, लाल, चिकू, गाजरी, फिरोजी, पिवळी, कोरी, अगदी वहीतल्या क्रमाने. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, पांढऱ्यावर काहीतरी रंग पाहिजे ना, विधवेसारखी जाणार का? आजतागायत ती एवढंच म्हणते. ऐंशीच्या घरात आली आहे, दिसायला कमी लागलंय, पण त्या आठ पट्ट्यांबद्दल विचारलं की तिचा चेहरा असा काही निरागस होतो की पोलिसानेही माफी मागून जावं.

मोठ्या सिस्टर टेबलामागे बसल्या होत्या, शेजारी हंसाबेन नावाच्या क्लार्क मार्क लिहायला. सिस्टर इंग्रजीत वाक्य म्हणायच्या आणि मधली जागा सोडायच्या, ती मी भरायची. पेशंट तापाने आजारी आहे, सफरिंग काय? फ्रॉम. ती कामात हुशार आहे, गुड काय? ॲट. पाच-सहा वाक्यं सुरळीत गेली आणि मला जरा जोर चढला. मग आलं, टेक केअर. टेक केअर काय? डोकं एकदम रिकामं झालं. मी मान खाली घातली. खोटं नाही सांगत, आधी ती लाजेनेच घातली. पण खाली मांडीवर ओढणीचं टोक होतं, आणि नजर आपोआप एकेका पट्टीवरून सरकत कोऱ्या पट्टीवर थांबली. मी म्हणाले, ऑफ. बरोबर आलं. पुढचंही तसंच आलं, त्याच्या पुढचंही. हंसाबेननी पेन खाली ठेवलं आणि सिस्टरना म्हणाल्या, "सिस्टर, आ छोकरी ओढणीमां जोईने जवाब आपे छे." ओढणीत बघून उत्तरं देतेय, म्हणे.

सिस्टरनी हात पुढे केला. मी ओढणी दिली. त्यांनी ती सुलटी बघितली, उलटी बघितली, शिवण उसवल्यासारखी ताणून बघितली. एकही अक्षर नाही. हंसाबेननी बॅटरी आणायचं सुचवलं, कदाचित लिंबाच्या रसाने लिहिलं असेल. सिस्टरनी हिंदीत विचारलं, इसमें क्या लिखा है? मी म्हणाले, कलर. त्या म्हणाल्या, वो तो दिखता है. कॉपी ठरली तर संपलंच. रडू आवरत मी सांगायला लागले, राणी म्हणजे ऑन, गाजरी म्हणजे फ्रॉम, वडिलांनी तशी वहीच केली आहे, आणि जितकं सांगावं तितकं ते वेड्यासारखं ऐकू येत होतं. सिस्टरनी ओढणीची घडी केली, खणात ठेवली आणि म्हणाल्या, ठीक आहे, आता ओढणीशिवाय.

डिपेंड. घड्याळ टिकटिकत होतं आणि डोक्यावर पिवळा बल्ब. मग मी जे केलं ते माझ्या मनात आलं म्हणून नाही केलं, पायांनी केलं. मी खुर्चीवरून उठले, खिडकीशी गेले आणि रिकामे हात उजेडात धरून उभी राहिले. मागून हंसाबेन म्हणाल्या, क्यां चाली? पण मला आमचं दार दिसत होतं, तिरकी वही दिसत होती. मी म्हणाले, "राणी." सिस्टर म्हणाल्या, व्हॉट? मी म्हणाले, "राणी, सिस्टर." त्यांनी एक कागद पुढे ओढला. मग म्हणाल्या, लिसन. मी म्हणाले, "पिवळा." वेट? "फिरोजी." ॲग्री? "चिकू." इंग्रजी शब्द तोंडातून निघतच नव्हते, रंगच निघत होते. हंसाबेन पदर तोंडाला लावून हसत होत्या. सिस्टर मात्र हसल्या नाहीत, त्या कागदावर लिहीत गेल्या. वीसेक शब्द झाल्यावर त्यांनी कागद दुमडला आणि म्हणाल्या, कल वो किताब लाओ. और जिसने बनाया, उसको भी. तब तक नाम रुका रहेगा.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. माय भाजी चिरत होती, ती चिरतच राहिली. अण्णांनी फक्त विचारलं, "उजेडमा दखं का?" मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाळी बुडवली. ताप असतानाही कामाला जाणारा माणूस, त्याने इस्त्रीचा शर्ट घातला आणि नळाखाली विटकरीच्या तुकड्याने नखं घासली, रक्त निघेपर्यंत. बसमध्ये वही मांडीवर घेऊन बसले होते. हॉस्पिटलच्या फरशीवर चप्पल घालून जावं की काढावी, हे त्यांना ठरवता येईना, शेवटी काढून हातात घेतली. सिस्टरनीच ती खाली ठेवायला लावली.

सिस्टरनी कालचा कागद उघडला. त्या एकेक इंग्रजी शब्द म्हणायच्या, हंसाबेन वहीत शोधायच्या आणि अण्णा पुढच्या चौकोनाचा रंग सांगायचे. डिपेंड, राणी. लिसन, पिवळा. वेट, फिरोजी. कागदावरचे सगळेच्या सगळे जुळले, एकही चुकला नाही, आणि हंसाबेनचा आवाज दर शब्दाला थोडा थोडा नरम होत गेला. मग सिस्टर मागे टेकल्या आणि त्यांनी अण्णांना विचारलं, ऑनला राणीच का? मला वाटलं, आता अण्णा म्हणणार, येतं म्हणून येतं. अण्णा त्यांच्या मिलच्या हिंदीत म्हणाले, "लडकी बोली, ऑन मतलब ऊपर. रानी रंग कपडे के ऊपर बैठता है, अंदर नहीं जाता, हाथ लगाओ तो हाथ को आता है." आणि इन? "नेव्ही अंदर जाता है, सूत के पेट में." फ्रॉम? "गाजरी पहले पानी में निकलता है. जो निकलता है, वो फ्रॉम." ॲट म्हणजे नेमकी ती जागा, म्हणून कुंकवाचा लाल. विथ म्हणजे सोबत, आणि चिकू कुणाशीही जुळवून घेतो. ऑफ म्हणजे चा-ची-चे, तर सगळे रंग शेवटी कोऱ्या कापडाचेच ना. फॉर म्हणजे साठी, इथे ते अडखळले, खाली बघायला लागले. सिस्टरनी पुन्हा विचारलं. "इसकी माँ के लिए एक बार साडी लाया था. फिरोजी थी." हंसाबेन आता उघड हसल्या, पण कालच्यासारख्या नाही. आणि टू, पिवळा? अण्णांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "वो बच गया था."

मी तिथे उभी होते. मी वैतागून फेकलेला एकेक शब्द या माणसाने उचलून घरी-मिलमध्ये दिवसदिवस घोळवला होता, आणि त्याला साजेसा रंग सापडेपर्यंत पुडकं चाळलं होतं. मला त्या शब्दांचे अर्थ माहीत होते, त्यांना ते समजले होते. माझा मुलगा इंग्रजी माध्यमात शिकला, घडाघड बोलतो, तो मला कधी कधी विचारतो की आई, तू ऑन म्हणताना किंचित थांबतेस का. मी त्याला सांगत नाही. नव्या पोरींना वॉर्डात ऑन ड्यूटी लिहायला शिकवताना मला अजून गुलाबी दिसतं, आणि दिसलं की बरं वाटतं.

सिस्टरनी अण्णांना विचारलं, ही वही आणखी कुणी बघितली? अण्णा म्हणाले, "इसके साहब ने देखा. उनको बहुत पसंद आया." माझे कान तापले. सिस्टरनी माझ्याकडे बघितलं, मी फरशीकडे. मग त्यांनी विचारलं, मिलमध्ये अशी वही पास कोण करतं? अण्णा म्हणाले, मास्टर, तो ओके लिहितो तेव्हा रंग चालतो. सिस्टर म्हणाल्या, इसमें तो ओके नहीं है, आणि टेबलावरचं पेन त्यांच्यापुढे धरलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, पेनकडे बघितलं, हात शर्टला पुसले. मग पेन न घेता वही उचलली आणि खिडकीशी गेले. पहिल्या पानापासून एकेक पान उजेडात धरून, जरा तिरकं करून, बघायला लागले. हंसाबेननी दोनदा घड्याळ बघितलं. मधेच अण्णा वळून म्हणाले, फिरोजी थोडा उड गया है, बदलना पडेगा, आणि पुन्हा बघायला लागले. सगळी पानं झाल्यावर त्यांनी पेन मागितलं, वही खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात, बांगडी काढावी तसा सावकाश ओ काढला. मग के काढला. के-ची एक तंगडी जास्त लांब झाली. सिस्टरनी हंसाबेनना सांगितलं, लडकी का नाम लिखो, आणि खणातून माझी ओढणी काढून मला परत दिली.

बाहेर आल्यावर आम्ही बसची वाट बघत उभे होतो. मी सांगून टाकलं की अण्णा, साहेबांना मी वही कधी दाखवलीच नाही, मला लाज वाटत होती. अण्णा रस्त्याकडे बघत होते. म्हणाले, "माले माहीत व्हतं." मी विचारलं, कसं? ते म्हणाले, "साहेबनी दखी ऱ्हाती, तं कोठे तरी लिखेल ऱ्हातं." साहेबांनी बघितली असती तर कुठेतरी काही लिहिलेलं असतं. म्हणजे त्या दिवशी त्यांनी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत उलटली होती ती त्यासाठी, आणि कुठेच काही सापडलं नाही तरी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते पुन्हा दारात उभे होते. अण्णांनी समोरच्या खाण्याच्या गाडीकडे हात केला, म्हणाले, "चाल, लोचो खाऊ." दोन प्लेट घेतल्या, ढोकळ्यासारखाच पण मऊ लगदा झालेला, वाफाळता. त्यांनी आपल्या प्लेटमधला अर्धा लोचो बोटांनी उचलून माझ्या प्लेटमध्ये टाकला, इतकी घासूनही नखाच्या कडेला राणी रंग होताच, आणि तो लोचोला लागला. मी प्लेट सरकवली नाही, आधी तोच घास खाल्ला.